प्लग सगळ्यात शेवटी

तंत्रशंका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं एकाच दुखण्याची आहेत : संगणक बंद कसा करायचा. धरणगावापासून शहाद्यापर्यंत लाइट जाते, येते, परत जाते आणि मधल्या मधे डिस्कवरचं लिखाण अर्धवट राहतं. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिला आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरा. 'यूमाउंट' (जोडलेला ड्राइव्ह सोडवण्याची आज्ञा) लिहिताना मात्र यू नंतर थेट एम येतो, मधे एन नाही. नवशिक्यांची पहिली अर्धी चूक तिथेच होते.

प्रश्न : धरणगावच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावरचा संगणक माझ्याकडे आहे. उबुंटू टाकलेलं आहे. संध्याकाळी निघताना बोर्डावरचं मेन बटण बंद केलं की काटा, पंखा, संगणक सगळं एकदम बंद होतं. मागच्या महिन्यात दोनदा सकाळी काळ्या पडद्यावर 'इनिटरॅमएफएस' येऊन थांबलं आणि शेवटच्या गाडीचं वजन गायब. सेव्ह तर केलं होतं. मग गेलं कुठे?

सेव्ह झालं होतं, पण डिस्कवर पोचलं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तुमच्याच गद्दीवरचं उदाहरण घ्या. गाडी काट्यावर आली की मुनीम आधी चिठ्ठीवर आकडा टिपतो. मग सवडीने रोजमेळात घेतो आणि त्यानंतर खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. लिनक्सही (उबुंटू हे त्याचंच एक रूप) तसंच करतं. प्रोग्रामने सेव्ह म्हटलं की मजकूर रॅममधल्या पेज कॅशमध्ये जातो, ही झाली चिठ्ठी. प्रोग्रामला तेवढ्यावर 'झालं' असं उत्तर मिळतं. दर ५ सेकंदांनी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एक कामगार उठतो आणि ज्या चिठ्ठ्या ३० सेकंदांहून जुन्या झाल्या असतील त्या डिस्कवर उतरवतो. हे मूळ सेटिंगचे आकडे आहेत. म्हणजे शेवटच्या साधारण अर्ध्या मिनिटाचं लिखाण नुसत्या रॅममध्ये असू शकतं. तुम्ही शेवटची गाडी नोंदवली, उठलात, बटण पाडलं. चिठ्ठी उडाली. (ज्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस प्रत्येक नोंदीला 'एफसिंक' करून डिस्कची पोच मागतो, त्याची नोंद वाचते. साध्या फाइलीत किंवा एक्सेलसारख्या तक्त्यात नोंद होत असेल तर वाचेलच असं नाही.)

रोजमेळ म्हणजे एक्स्ट-४ या फाइल सिस्टिमचं (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचं) जर्नल. २००८ च्या अखेरीस लिनक्स २.६.२८ बरोबर ती पक्की झाली आणि उबुंटू आजही मूळ निवड म्हणून तीच टाकतं. कुठली फाइल कुठल्या जागेवर, किती लांब, कुठल्या फोल्डरात, हे बदल आधी जर्नलमध्ये लिहिले जातात आणि नंतर मूळ जागी. अधे-मधे लाइट गेली तर पुढच्या सुरुवातीला जर्नल वाचून अर्धवट बदल पुरे केले जातात किंवा सोडून दिले जातात. पण मूळ सेटिंगमध्ये जर्नल सांभाळतं ती खतावणीची मांडणी. गाडीचं वजन किती हा मजकूर त्यात नसतो. म्हणून 'जर्नल आहे, काही होत नाही' हे अर्धंच खरं आहे. त्यात स्वस्त एसएसडी असेल तर तिच्या पोटातही स्वतःची कॅश असते आणि वीज अचानक तुटली की तिच्यातलंही पुसलं जातं. तसे दोन-चार दणके बसले की मांडणीच बिघडते आणि मग 'इनिटरॅमएफएस'चा काळा पडदा येतो.

त्या पडद्यावर घाबरू नका. वरच्या ओळींत 'रन एफएससीके मॅन्युअली' असं लिहिलेलं असतं (एफएससीके ही मांडणी तपासून दुरुस्त करण्याची आज्ञा) आणि शेजारी विभागाचं, म्हणजे पार्टिशनचं, नावही असतं, समजा /डेव्ह/एसडीए२. तेच नाव घेऊन 'एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२' द्या, संपू द्या, मग 'एक्झिट'. या वेळी मूळ विभाग (ज्यावर उबुंटूच आहे तो) अजून माउंट झालेला, म्हणजे वापरासाठी जोडलेला, नसतो, म्हणून हे चालतं. चालू, माउंट केलेल्या विभागावर एफएससीके कधीही चालवू नका, असलेलं बिघडतं. दुरुस्तीत बेवारस सापडलेले तुकडे 'लॉस्ट प्लस फाउंड' फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावाने पडलेले असतात, हरवलेली फाइल आधी तिथे शोधा. एफएससीके चालताना पुन्हा पुन्हा 'इनपुट आउटपुट एरर' येऊ लागली तर मात्र तिथेच थांबा. ते दुखणं मांडणीचं नसून डिस्कचं आहे, आधी नवी डिस्क आणून 'डीडीरेस्क्यू'ने प्रत काढा.

आता योग्य क्रम. मेनूतून 'पॉवर ऑफ' म्हटलं, किंवा कॅबिनेटचं बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं, की सिस्टमडी (सगळं सुरू-बंद करणारा लिनक्सचा प्रोग्राम) आधी प्रत्येक सेवेला, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रामला, 'आवरा' असा संकेत देतं. ९० सेकंदांत जी आवरत नाही तिला सक्तीने मारतं. मग एकेक विभाग अनमाउंट होतो. अनमाउंट म्हणजे त्या विभागाच्या सगळ्या चिठ्ठ्या उतरवणं, जर्नल मिटवणं आणि 'इथलं काम नीट संपलं' असा शिक्का मारणं. मूळ विभाग पूर्ण अनमाउंट करता येत नाही, कारण बंद करणारा प्रोग्राम स्वतःच त्यावरून चाललेला असतो. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड कशी चालवणार? म्हणून त्याला फक्त-वाचनीय करतात. शेवटी कर्नल डिस्कला तिची स्वतःची कॅश रिकामी करायला सांगतं. पडद्यावर ओळी दिसत असतील तर 'सिंक्रोनायझिंग स्कझी कॅश' ही ती ओळ. त्यानंतर वीज जाते. हे सगळं चांगल्या चालणाऱ्या संगणकात ५ ते १५ सेकंदांत उरकतं. पॉवर दिवा विझला, पंखा थांबला, मग बोर्डाचं बटण.

तेच कॅबिनेटचं बटण ४ सेकंद दाबून धरलंत तर ते प्लग उपटण्याइतकंच वाईट आहे. पोरांना हा फरक दाखवून ठेवा.

काल नीट बंद झाला होता का, हे सकाळी कळतं. सुरू होताना विभागाच्या नावापुढे 'क्लीन' आणि फाइलींचे आकडे आले तर ठीक. 'रिकव्हरिंग जर्नल' आलं तर काल कोणीतरी मेन पाडलं होतं, मग तो 'मी नाही' म्हणो.

प्रश्न : चोपड्याहून. बंद करताना 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' येतं आणि दीड मिनिट मोजत बसतं. वैतागून मी बटण दाबून धरतो. चालेल का?

नाही. ते दीड मिनिट म्हणजे वर सांगितलेले ९० सेकंदच आहेत. कोणीतरी आवरत नाहीये आणि त्याच्या हातात बहुधा उघडी फाइल आहे. एकदा पूर्ण थांबा. पुन्हा सुरू केल्यावर 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' द्या, मागच्या खेपेची नोंद शेवटापासून दिसेल. त्यात 'टाइम्ड आउट' किंवा 'सिगकिल' शब्दाशेजारी ज्या सेवेचं नाव आहे तो गुन्हेगार. बहुतेक वेळा छपाईची सेवा, एखादं व्हर्च्युअल मशीन किंवा न सापडणारं नेटवर्क फोल्डर असतं. नको असलेली सेवा 'सिस्टमसीटीएल डिसेबल' करून काढा. ९० सेकंदांचा आकडा कमी करणं हा उपाय अनेक जण सुचवतात. डेटाबेस असलेल्या मशीनवर तो करू नका, कारण त्या सेवेला खरंच वेळ लागत असतो.

प्रश्न : सावद्याला केळीचा व्यापार आहे. रोज रात्री हिशेबाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतो. कॉपीची पट्टी १०० टक्के झाली की काढतो. दोनदा घरी उघडला तर फाइल शून्य केबीची. ऑफिसात एक विंडोज आणि एक लिनक्स आहे. काढायला गेलो तर कधी 'डिव्हाइस वापरात आहे' म्हणतं, पण वापरणारं कोण ते सांगत नाही.

पट्टी खोटं बोलत नाही, ती वेगळ्या गोष्टीची पट्टी आहे. लिनक्सवर ती 'रॅममध्ये किती गेलं' ते दाखवते. हिशेब करा : ८ जीबी रॅममधली ६ जीबी मोकळी आहे. त्यातली साधारण २० टक्के, म्हणजे १.२ जीबी, न उतरवलेल्या लिखाणाने भरू द्यायची मूळ परवानगी आहे. बाजारातला साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहितो असं धरलं तर १.२ जीबी उतरायला दोन मिनिटं. पट्टी भरल्यानंतरची ती दोन मिनिटं तुम्ही खिशात घालून घरी नेली.

खरी पट्टी बघायची असेल तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'वॉच ग्रेप -ई डर्टी -ई राइटबॅक /प्रॉक/मेमइन्फो' द्या. यात डर्टी आणि राइटबॅकचं पहिलं अक्षर मोठं, आणि मेमइन्फो सगळं लहान. 'डर्टी'पुढचा आकडा लाखांत दिसेल आणि हळूहळू खाली येईल. तो काही शेकड्यांवर आला की समजा उतरलं. पण आकडा खाली आला म्हणजे काढायची परवानगी मिळाली असं नाही, कारण शिक्का मारायचा राहिलेला असतो. फाइल मॅनेजरमधलं इजेक्टचं चिन्ह दाबा किंवा 'यूडिस्क्ससीटीएल अनमाउंट -बी /डेव्ह/एसडीबी१' द्या (या आज्ञेत अनमाउंट एनसकट लिहायचं, गंमतच आहे). फिरती बाहेरची हार्ड डिस्क असेल तर त्यानंतर 'यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी'. यात चकती थांबते आणि वाचणारं डोकं आपल्या जागी जाऊन बसतं. हाताला थरथर जाणवायची थांबली की वायर काढा.

पेन ड्राइव्हवर फॅट-३२ किंवा एक्सफॅट असतं आणि दोघांनाही जर्नल नाही. रोजमेळाशिवायचा धंदा आहे हा. फॅट-३२ निदान जागांच्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवतं, एक्सफॅट बहुधा एकच. फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, हेही बॅकअप वाढत गेला की कळतं.

विंडोजचं वेगळं. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, बाहेरच्या ड्राइव्हला 'क्विक रिमूव्हल' ही मूळ पद्धत आहे. तीत विंडोज लिखाण रॅममध्ये साठवून ठेवत नाही, म्हणून कॉपी संपल्यावर काढला तर बहुधा निभावतं. बहुधा, कारण एखादा प्रोग्राम मागे फाइल उघडी धरून असेल तर हे संरक्षण लागू नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, मग 'सेफली रिमूव्ह'. 'वापरात आहे' म्हणालं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि २२५ क्रमांकाची 'कर्नल-पीएनपी' नोंद शोधा. कोणत्या प्रोग्रामने काढायला अडवलं त्याचं नाव तिथे सरळ लिहिलेलं असतं. ही नोंद फार कमी लोकांना माहीत आहे, नाहीतर संगणक बंद करूनच ड्राइव्ह काढण्याची वेळ कोणावर येती ना.

लिनक्समध्ये तेच काम 'फ्यूझर -व्हीएम' पुढे ड्राइव्हचा मार्ग देऊन होतं. उत्तरात प्रोग्रामचं नाव, त्याचा क्रमांक आणि एक अक्षर येतं. 'सी' म्हणजे तो प्रोग्राम त्या फोल्डरात उभा आहे. बहुतेक वेळा तुमचंच दुसरं टर्मिनल असतं, 'सीडी' करून बाहेर या. मोठा 'एफ' म्हणजे लिहायला फाइल उघडी आहे, त्याला हात लावण्याआधी त्या प्रोग्राममधून नीट बंद करा. यादी रिकामी असूनही 'टार्गेट इज बिझी' येत असेल तर त्या ड्राइव्हवर स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची), आयएसओ फाइलचं माउंट किंवा आत अजून एक माउंट आहे का बघा : 'स्वॅपऑन --शो', 'लोसेटअप -ए', 'फाइंडएमएनटी'.

दोन शॉर्टकट इंटरनेटवर फार फिरतात. पहिला 'फ्यूझर -केएम'. तो सगळ्यांना एकदम ठार करतो. आणि दिलेल्या मार्गावर ड्राइव्ह माउंट झालेलाच नसेल तर तो फोल्डर ज्या विभागावर आहे, म्हणजे मूळ विभाग, त्यावरचे सगळे प्रोग्राम मारतो. निदान मोठा 'एम' पर्याय जोडा, मग माउंट नसेल तर तो कामच करत नाही. दुसरा 'यूमाउंट -एल'. याला आळशी अनमाउंट म्हणतात. नाव लगेच यादीतून जातं आणि तुम्हाला वाटतं झालं, पण उघड्या फाइलींचं लिखाण मागे चालूच असतं. पेन ड्राइव्ह काढण्यासाठी हा पर्याय वापरणं म्हणजे पाटी काढली की दुकान बंद झालं असं समजणं.

प्रश्न : जुने लोक बंद करण्याआधी 'सिंक' तीनदा टाइप करा म्हणतात. खरंच तीनदा?

एकदा पुरे. जुन्या युनिक्सवर सिंक फक्त 'लिहायला घ्या' असं सांगून लगेच परत यायचं. दुसऱ्या-तिसऱ्यांदा टाइप करण्यात जो वेळ जायचा तेवढ्यात लिखाण उरकायचं. लिनक्समध्ये सिंक लिखाण पूर्ण होईपर्यंत थांबतं. पण सिंक म्हणजे अनमाउंट नव्हे. सिंकनंतरच्या पुढच्याच क्षणी कोणीतरी नवी चिठ्ठी लिहू शकतो.

प्रश्न : धुळ्याला अभियांत्रिकीला आहे. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. विंडोज नीट शटडाउन करूनही लिनक्समध्ये डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. 'विंडोज इज हायबरनेटेड' असं म्हणतं.

नीट शटडाउन झालेलंच नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय चालू येते. तीत शटडाउन म्हटलं तरी विंडोजचा गाभा झोपवून 'हायबरफिल' नावाच्या फाइलीत ठेवला जातो आणि एनटीएफएसचे (विंडोजच्या फाइल सिस्टिमचे) विभाग उघडेच सोडले जातात. लिनक्सने तिथे लिहायला नकार दिला हे तुमच्या भल्याचं आहे. जबरदस्तीने लिहिलंत तर सकाळी विंडोज जागं होईल, त्याच्या डोक्यात कालची खतावणी असेल, आणि तो ती तुमच्या नव्या नोंदींवर लिहून टाकेल. प्रोजेक्टचा फोल्डर असा गेला की परत येत नाही.

कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', वरची 'चेंज सेटिंग्ज'ची निळी ओळ, मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. किंवा अ‍ॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. दुसऱ्याने हायबरनेट सोयच जाते आणि काही जीबी जागाही सुटते. एकदोन वेळेपुरतं हवं असेल तर शिफ्ट दाबून शटडाउनवर क्लिक करा किंवा 'रीस्टार्ट' घेऊन लिनक्स निवडा, त्यात गाभा पूर्ण बंद होतो. मोठ्या अपडेटनंतर ती खूण पुन्हा आली नाही ना, तेवढं बघा.

लिनक्समध्ये 'रिमूव्ह हायबरफाइल' पर्याय देऊन माउंट करा असा सल्ला मिळेल. त्याने झोपलेला गाभा फेकला जातो, त्यातलं न जतन केलेलं सगळं जातं. 'एनटीएफएसफिक्स' काही किरकोळ चुका सुधारतं आणि तपासणीची खूण लावतं, पण ती पूर्ण दुरुस्ती नव्हे. खरी तपासणी विंडोजमधूनच : 'सीएचकेडीएसके डी: /एफ'.

प्रश्न : शहाद्याला ऑफिसात एका मुख्य संगणकावरचा फोल्डर बाकीच्या तिघांना नेटवर्कवरून जोडलेला आहे. संध्याकाळी तिन्ही बंद होताना अडकतात.

मुख्य संगणक आधी बंद करता का? मग तेच कारण. जोडलेले तिघे 'माझं उरलेलं लिखाण घे' म्हणून हाक मारत बसतात आणि पलीकडे कोणी नसतं. एनएफएस (लिनक्सची नेटवर्कवरून फोल्डर जोडण्याची पद्धत) मूळ सेटिंगमध्ये कंटाळत नाही, वाट बघतच राहतं. आधी तिघे, मग मुख्य, शेवटी राउटर. सकाळी उलटा क्रम.

क्रम बरोबर असूनही अडकत असेल आणि जोडणी वाय-फायवर असेल तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'सर्व वापरकर्त्यांना उपलब्ध' ही खूण आहे का बघा. ती नसेल तर तुम्ही लॉगआउट होताच वाय-फाय तुटतं आणि फोल्डर त्यानंतर अनमाउंट व्हायला जातो, रस्ता आधीच उखडलेला. 'एफएसटॅब' फाइलीतल्या (काय कुठे माउंट करायचं त्या यादीतल्या) त्या फोल्डरच्या ओळीत 'अंडरस्कोर नेटडेव्ह' आणि 'नोफेल' टाकून ठेवा. पहिल्याने हे माउंट नेटवर्क तुटण्याआधी सोडायचं हे सिस्टिमला कळतं, दुसऱ्याने मुख्य संगणक बंद असला तरी सकाळी बाकीचे सुरू होतात.

प्रश्न : अमळनेर. यूपीएस आहे, पण लाइट गेली तेव्हा दुकानात कोणी नसेल तर? बॅटरी संपली की संगणक धाडकन बंदच पडतो. आणि बॅटरी दोन वर्षंही टिकत नाही.

यूपीएसच्या मागे चौकोनी यूएसबी छिद्र आहे का ते आधी बघा. साध्या ६०० व्हीएच्या अनेक मॉडेलना ते नसतं. नसेल तर यूपीएस संगणकाला काही सांगूच शकत नाही आणि पुढचं सगळं व्यर्थ आहे. पुढची खरेदी करताना छिद्र असलेलं घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी हिशेब परत लिहिण्यापेक्षा स्वस्त.

छिद्र असेल तर लिनक्सवर यूपीएसशी बोलणारं सॉफ्टवेअर, 'एनयूटी' किंवा, यूपीएस एपीसी कंपनीचं असेल तर, 'एपीसीयूपीएसडी' टाका. एपीसीयूपीएसडीमध्ये मूळ आकडे असे : बॅटरी ५ टक्के उरली किंवा ३ मिनिटांचा वेळ उरला, यातलं जे आधी होईल तेव्हा बंद करायला घ्या. आपल्याकडच्या जुन्या बॅटरीला हे आकडे फार उशिराचे आहेत. शेवटच्या टप्प्यात ती एका झटक्यात ३० टक्क्यांवरून शून्यावर येते. ४० टक्के आणि ८ मिनिटं ठेवा. किंवा 'टाइमआउट' १२० करा, म्हणजे लाइट जाऊन दोन मिनिटं झाली की बंद, बॅटरी काहीही म्हणो.

बॅटरी किती पुरेल याचा अंदाज : १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पिअर-अवर म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. एवढ्या जोराने खेचल्यावर आणि रूपांतरातला तोटा धरून त्यातलं निम्मं हाती लागतं असं समजा. संगणक आणि मॉनिटर मिळून १०० वॉट घेत असतील तर नव्या बॅटरीवर पंचवीसेक मिनिटं, दीड वर्षं जुन्या बॅटरीवर त्याच्या निम्मी म्हणा किंवा कमीही. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. त्याचा तापवणारा रूळ एकटाच काही शे वॉट ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन संगणकासकट झोपतं.

एक पेच लोकांच्या लक्षात येत नाही. संगणक बंद होत असतानाच लाइट परत आली तर? यूपीएस चालू, संगणक बंद, आणि त्याला पुन्हा उठवणारं कोणी नाही. म्हणून एनयूटी सगळे विभाग फक्त-वाचनीय झाल्यावर, अगदी शेवटच्या पायरीला, यूपीएसला 'आता तूही वीज तोड' असा निरोप देतं. यूएसबीवाल्या यूपीएसना हा निरोप मिळाल्यावर २० सेकंदांनी वीज तुटते, हा एनयूटीचा मूळ आकडा. मशीन हळू असेल तर तो ६० करा, नाहीतर शिक्का मारता मारताच वीज जायची. संगणकाच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हे 'पॉवर ऑन' ठेवा, म्हणजे लाइट आली की आपोआप उठेल.

बॅटरीचं सांगायचं तर खानदेशातला उन्हाळा हाच तिचा वैरी. या सीलबंद बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ४४-४५ अंश बाहेर आणि त्याहून जास्त यूपीएसच्या पोटात. टेबलाखाली, भिंतीपासून वीतभर लांब, उन्हाच्या झरोक्यापासून दूर ठेवा. दर तीन महिन्यांनी संगणक बंद करून यूपीएसवर १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा, भिंतीचा प्लग काढा आणि घड्याळ लावा. १० मिनिटांच्या आत विझला तर बॅटरी बदला. ही चाचणी चालू संगणकावर करू नका. कसली परीक्षा घेतोय ते विसरून चालणार नाही.

प्रश्न : भुसावळ. माउस-कीबोर्ड काहीच हलत नाही, पडदा गोठलेला. बटण दाबून धरण्याशिवाय काय?

लिनक्स असेल तर अल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरा आणि एस, यू, बी ही अक्षरं एकेक करून, मधे दोन-तीन सेकंद सोडून दाबा. एसने चिठ्ठ्या उतरतात, यूने सगळे विभाग फक्त-वाचनीय होतात, बीने मशीन पुन्हा सुरू होतं. पूर्ण बंद करायचं तर बीऐवजी ओ. पुस्तकांत आर, ई, आय, एस, यू, बी असा लांब मंत्र असतो, पण या बटणांना किती परवानगी द्यायची याचा उबुंटूतला मूळ आकडा १७६ आहे, म्हणजे १६, ३२ आणि १२८ यांची बेरीज. त्यात एस, यू आणि बी-ओ एवढंच चालतं, पहिल्या तिघांना परवानगीच नाही. काही लॅपटॉपवर एफएन बटणही सोबत लागतं, ते आज, मशीन धड असतानाच तपासून ठेवा. आणि एस आधी, बी शेवटी. उलटं केलंत तर प्लग उपटल्यासारखंच.

प्रश्न : रावेर. केळीच्या बागेत तापमान-ओलावा मोजायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवला आहे. सोलरवर चालतो, ढग आले की बंद पडतो. तीन मेमरी कार्डं गेली.

तिथे बंद करायला माणूस नाही, म्हणून कार्डावर लिहिणंच बंद करा. 'रास्पी-कॉन्फिग' उघडा, परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टिम' चालू करा आणि बूट विभाग फक्त-वाचनीय करायचा का असं विचारेल, त्याला होय म्हणा. यानंतर कार्ड फक्त वाचलं जातं, सगळे बदल रॅममध्ये होतात आणि वीज गेली की पुसले जातात. मोजमापं मात्र दर १० मिनिटांनी मोबाइल डेटावरून घरच्या संगणकाकडे पाठवा. जागेवरच ठेवायची असतील तर वेगळा छोटा पेन ड्राइव्ह लावा, तो एक्स्ट-४ करा आणि प्रोग्रामला प्रत्येक नोंदीनंतर एफसिंक करायला लावा. प्रोग्राम बदलायचा असेल त्या दिवशी ओव्हरले बंद करून रीस्टार्ट, बदल, परत चालू. हे विसरलात तर तासभर केलेलं काम पुढच्या ढगाबरोबर जाईल आणि कार्ड मात्र शाबूत असेल.

हाताने बंद करायचा झाला तर 'सुडो पॉवरऑफ' द्या, हिरवा दिवा लुकलुकायचा पूर्ण थांबू द्या, वर ५ सेकंद मोजा, मग सोलर कंट्रोलरचा स्विच.